जुनी नॉर्टन चालवत युरोपातल्या क्लब रॅलीला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं ब्रिटनमध्ये नोंदवलेली नॉर्टन कमांडो चालवत समुद्रापलीकडच्या, म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीवरच्या रॅलीला जाणाऱ्यांसाठी आहेत. कमांडो १९६७ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली आणि दहाएक वर्षांत तिचं उत्पादन थांबलं. आकडे तिचेच दिले आहेत. ट्रायम्फ, बीएसए किंवा रेडिचची रॉयल एनफिल्ड असेल तर आकडे आपल्या मॅन्युअलमधून घ्या, कामांचा क्रम तोच राहतो. भारतात नोंदवलेली बाईक न्यायची असेल तर शेवटचे प्रश्न पाहा.

ओनर्स क्लबची रॅली म्हणजे शर्यत असते का?

नाही. एका मॉडेलचे किंवा एका कंपनीचे मालक तीन-चार दिवस एका कॅम्पिंगच्या जागी जमतात. दिवसा आसपासच्या रस्त्यांवर गटाने फेरी, संध्याकाळी गप्पा, सुट्या भागांची खरेदी-विक्री आणि शेवटच्या रात्री बक्षिसं, असा साधारण बेत असतो. नॉर्टन ओनर्स क्लब १९५९ पासून आहे, व्हिन्सेंट बाईकवाल्यांचा १९४८ पासून. नॉर्टनची आंतरराष्ट्रीय रॅली दरवर्षी वेगळ्या देशात भरते. सर्वांत लांबून चालवत आलेल्याला बहुतेक ठिकाणी वेगळा मान असतो. ट्रेलरवर घालून आणलेल्या बाईकला कुणी हसत नाही, पण त्या बक्षिसासाठी ती धरतही नाहीत.

पन्नास वर्षांची बाईक एवढं अंतर झेपवेल का?

झेपवते. वय हा अडथळा नसतो, अर्धवट सोडलेलं काम हा असतो. कमांडो ताशी ९० ते १०० किलोमीटरने दिवसभर निवांत चालते. मोटरवेवर ११५-१२० ने तासन्‌तास पळवली तर ऑइल तापतं, पातळ होतं, गळती वाढते आणि पेट्रोलही जास्त लागतं. दिवसाला ३०० ते ३५० किलोमीटर धरा, तेही दुय्यम रस्त्यांनी. नेदरलँड्समधल्या हूक ऑफ हॉलंडला सकाळी फेरीबोटीतून उतरून संध्याकाळी कोलोनच्या पुढे मुक्काम, एवढी मजल पहिल्या दिवसाला पुरे.

थांबे टाकीवरून ठरतात. कमांडोच्या रोडस्टर मॉडेलच्या टाकीत जेमतेम ११ लिटर मावतं. लिटरला १६ ते १९ किलोमीटर धरले तर १५० किलोमीटरला पंप शोधायला लागा. इंटरस्टेट मॉडेलची टाकी २४ लिटरच्या आसपास असते, ती पाठ दुखेपर्यंत पुरते.

तयारी कधी सुरू करायची?

निघायच्या दोन महिने आधी, आणि सहा आठवडे आधी मोठी कामं संपलेली असावीत. त्यानंतर प्रवासाचं पूर्ण सामान लादून किमान ५०० किलोमीटरची चाचणी फेरी करा. रिकाम्या बाईकवर गल्लीतून मारलेली चक्कर काही सांगत नाही. सैल नट, गळणारी गॅस्केट आणि घसरणारा क्लच हे सगळं १०० किलोमीटरनंतर बाहेर येतं.

शेवटच्या आठवड्यात नवा भाग बसवायचा नाही. नवं इग्निशन, नवी चेन, नवा कार्ब्युरेटर यांतलं काहीही बसवायचं असेल तर चाचणी फेरीच्या आधी. वाटेत बंद पडलेल्या बाईकमधला दोष पुष्कळदा अगदी अलीकडे हात लावलेल्या जागी सापडतो.

सर्व्हिसिंगमध्ये कोणते आकडे पाळायचे?

इंजिन थंड असताना टॅपेट: इनलेट ६ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट ८ थाउ. १९७२ च्या कॉम्बॅट इंजिनाला अनुक्रमे ८ आणि १०. इग्निशनच्या पॉइंटची फट १५ थाउ, टायमिंग पूर्ण ॲडव्हान्सला २८ अंश. इंजिन ऑइल २.८ लिटर, २०डब्ल्यू-५० मिनरल. प्रायमरी चेनकेसमध्ये २०० मिलिलिटर, फोर्कच्या प्रत्येक पायात १५० मिलिलिटर. गिअरबॉक्सला ९० नंबरचं ईपी ऑइल, लेव्हल प्लगमधून बाहेर येऊ लागेपर्यंत. हेडचे ३/८ इंची बोल्ट ३० फूट-पाउंडला, ५/१६ वाले २० ला. हेड पुन्हा आवळलं की टॅपेट पुन्हा तपासायचे, हा क्रम विसरू नका.

मागच्या स्विंगआर्मच्या पिनला ग्रीस मारू नका. तिथे १४० नंबरचं ऑइल लागतं. निपल दिसतो म्हणून ग्रीसगन लावणारे पुष्कळ आहेत. ग्रीसने बुशांकडे जाणारी वाट बुजते, बुश कोरडे पडतात आणि बाईक वळणावर डुलायला लागते.

सकाळी टाकीत ऑइल दिसत नाही. रात्रीत गळालं का?

जमिनीवर डाग नसेल तर गळालं नाही. ऑइलची टाकी इंजिनपेक्षा वर असते. बाईक उभी असताना ऑइल पंपाच्या गिअरांमधल्या फटीतून हळूहळू खाली उतरतं आणि क्रँककेसमध्ये साचतं. यालाच वेट संपिंग म्हणतात. पंप झिजला असेल तर एका रात्रीत अर्धी टाकी उतरते.

सर्वांत महागडी चूक इथे होते. रिकामी दिसणारी टाकी भरायची, किक मारायची, मग इंजिन खालचं ऑइलही वर ढकलतं आणि जादा झालेलं ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये आणि मागच्या टायरवर येतं. आधी दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, ऑइल टाकीत परतू द्या, मग डिपस्टिक पाहा. खूप साचलं असेल आणि किक जड लागत असेल तर संपचा प्लग काढून ऑइल स्वच्छ भांड्यात घ्या आणि परत टाकीत ओता.

टाकी आणि पंपाच्या मध्ये बसवायचे व्हॉल्व्ह मिळतात. लांबच्या प्रवासाला आम्ही त्यांची शिफारस करत नाही. हाताने उघडायचा व्हॉल्व्ह एखाद्या सकाळी बंदच राहिला तर इंजिन कोरडं चालून जाम होतं, आणि स्प्रिंगचा व्हॉल्व्ह अडकला तरी तेच. घासून सपाट केलेला, नीट बसवलेला पंप हाच बरा उपाय.

गिअरबॉक्स उघडायलाच हवा का?

लेशाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्समधल्या दुय्यम शाफ्टचं, बेअरिंग कधी बदललं हे माहीत नसेल तर हो. कमांडोच्या गिअरबॉक्समधली ही सर्वांत कुप्रसिद्ध जागा आहे. मूळचं बॉल बेअरिंग ७५० आणि ८५० सीसी इंजिनांची ताकद फार दिवस सोसत नाही. पिंजरा तुटला की शाफ्ट तिरका होतो, आणि वाईट वेळी गिअरबॉक्स चालत्या गाडीत जाम होतो. सूचना आधी मिळते: गाडी चालू असताना किकचा दांडा आपोआप हलायला लागतो किंवा गिअर लिव्हर पायाखाली थरथरतो. हे दिसलं की तिथेच थांबा, पुढच्या गावापर्यंत रेटू नका. बदली म्हणून एनजे२०३ जातीचं रोलर बेअरिंग बसवतात. ते किमतीला स्वस्त आहे, खर्च मजुरीचा.

एक्झॉस्टचे गोल नट सारखे सैल होतात. काय करावं?

गरम इंजिनावर आवळा. थंड असताना कितीही ताकद लावली तरी हेड तापलं की ॲल्युमिनियम फुगतं आणि नट सैल पडतो. सैल नट थरथरत हेडमधले आटे खाऊन टाकतो, मग हेड उतरवून आटे नव्याने भरून घ्यावे लागतात. चाचणी फेरीत दोन-तीनदा गरम असताना आवळला की तो बसतो. प्रवासात रोज संध्याकाळी थांबल्याबरोबर लांब दांड्याच्या आकडी पान्याने एकदा पाहायचं. या नटाला साजेसा पाना हत्यारांत नसेल तर निघूच नका. पाइप पकडीने तो फक्त खराब होतो.

सामान लादल्यावर बाईक डुलते. आयसोलास्टिक बिघडलं का?

बहुधा दोन गोष्टी एकत्र असतात. कमांडोचं इंजिन, गिअरबॉक्स आणि स्विंगआर्म रबरावर टांगलेले आहेत, यालाच आयसोलास्टिक म्हणतात. आडवा खेळ पुढे-मागे १० थाउच्या आसपास हवा. जास्त असेल तर मागचं चाक आपल्या मनाने चालतं. फारच कमी केला तर बाईक सरळ धावते, पण हातापायांना मुंग्या येतात. जुन्या मॉडेलांत हा खेळ शिम घालून जुळवतात, नंतरच्या मार्क थ्री मॉडेलात आटे फिरवून. महिनोन्‌महिने न उघडलेल्या जागेत गंज साचलेला असतो, आणि गंजावर घेतलेलं माप खोटं येतं. आधी साफसफाई, मग फिलर गेज.

दुसरं कारण सामान. तंबू आणि हत्यारं सीटच्या मागे, टेललाइटच्याही पलीकडे लटकवली तर कुठलीही जुनी बाईक डुलेल. हत्यारांसारखं जड सामान टाकीवरच्या बॅगेत, मऊ सामान दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत आणि शक्य तितकं खाली. झोळी सायलेन्सरला टेकत नाही ना, हे बसून, स्प्रिंग दाबलेली असताना पाहा. मागच्या टायरमध्ये ३-४ पाउंड हवा जास्त भरा.

क्लच घसरतो, पण प्लेटी नव्या आहेत?

गिअरबॉक्सचं ऑइल क्लचच्या पुशरॉडवरून वाहत प्लेटींवर येतं. ईपी ऑइल चिकट असतं, प्लेटी एकमेकींना धरत नाहीत आणि चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही. प्लेटी काढून सॉल्व्हंटने धुवा आणि पुशरॉडला सील बसवा. आधी गिअरबॉक्स जादा भरलेला नाही ना, तेही बघा.

हेडलाइट, जीपीएस, फोन: एवढं सगळं चालेल का?

हिशेब करा. ल्युकासचा आरएम२१ अल्टरनेटर चांगल्या वेगात जेमतेम १२० वॅट देतो. ५५ वॅटचा हॅलोजन, टेललाइट, इग्निशन आणि त्यावर गरम होणाऱ्या ग्रिप लावल्या तर बॅटरी दिवसभर रिकामी होत राहते. शहरात हळू चालताना तर आणखीच. एलईडी हेडलाइट लावला की हा प्रश्न बराचसा सुटतो, फक्त तो पॉझिटिव्ह अर्थवर (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक सांगाड्याला जोडलेलं) चालणारा आहे याची खात्री करून घ्या.

पॉझिटिव्ह अर्थवरून आणखी एक. यूएसबी चार्जरच्या धातूच्या कडेचा संबंध निगेटिव्हशी असतो, आणि कमांडोचा सांगाडा पॉझिटिव्ह असतो. चार्जर किंवा वायरचं धातूचं टोक हँडलला टेकलं की सरळ शॉर्ट. चार्जर प्लास्टिकच्या खोक्यात बसवा, दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत न्या आणि निगेटिव्हच्या बाजूला लहान फ्यूज घाला.

मुख्य फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असेल तर तो आकडा वितळण्याचा आहे. सतत सोसण्याची क्षमता त्याच्या निम्मी. हल्लीच्या पात्याच्या फ्यूजवर सतत क्षमतेचा आकडा असतो. म्हणून ३५ च्या जागी ३५ चा नवा फ्यूज घातला तर फ्यूजच्या आधी वायरिंग जळेल. १५ चा घाला.

जुन्या ॲनालॉग पद्धतीच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनला बॅटरीचा व्होल्टेज पडलेला चालत नाही. टायमिंग भरकटतं आणि किक उलटी मारते, घोटा मोडू शकतो. पॉइंटवाल्यांना मूळचा २एमसी कपॅसिटर शाबूत असेल तर बॅटरीशिवायही इंजिन सुरू करता येतं, ही त्यांची एक जमेची बाजू.

कोणतं पेट्रोल भरायचं?

इथेनॉल कमी असलेलं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल) आहे आणि सुपर प्रकारात ई५ (५ टक्क्यांपर्यंत) मिळतं. फ्रान्समध्ये पंपावर ‘९५-ई१०’ आणि ‘९८’ असे वेगळे नळ असतात, ९८ घ्या. जर्मनीत ‘सुपर’ म्हणजे ई५, आणि ई१० असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

फायबरग्लासची टाकी असेल तर ई५ सुद्धा धोक्याचं. इथेनॉल रेझिन विरघळवतं. तो चिकट पदार्थ आधी कार्ब्युरेटरची स्लाइड अडकवतो, मग इनलेट व्हॉल्व्हच्या दांड्यावर जमतो. रात्रभर थंड होऊन व्हॉल्व्ह अडकला आणि सकाळी किक मारली की पुशरॉड वाकतो. अशी टाकी घरी ठेवा, पत्र्याची बसवून जा. जुन्या लेपाची पत्र्याची टाकीही आतून टॉर्चने पाहा, लेप सोलून निघत असेल तर पेट्रोलची नळी बुजणारच. पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या हव्यात, आणि ॲमल कार्ब्युरेटरचे जुने फ्लोट बदलून नव्या प्रकारचे घाला.

सोबत कोणते सुटे भाग घ्यायचे?

वाटेत मिळत नाहीत आणि रस्त्याकडेला बदलता येतात असेच. पिस्टन घेऊन जाणाऱ्यांना तो बसवायला जागा मिळत नाही.

- क्लचची आणि थ्रॉटलची केबल. क्लचची जुनीला लागूनच आधी ओवून, टोकं बांधून ठेवा, म्हणजे बदलायला दहा मिनिटं
- १९ इंची ट्यूब दोन, टायर लिव्हर तीन, हातपंप, पंक्चरचं सामान
- प्लग दोन, प्लगची टोपी एक, पॉइंटचा संच आणि कंडेन्सर
- चेनचे दोन जोड दुवे, एक अर्धा दुवा आणि चेन तोडायचं हत्यार
- फ्लोटची सुई, बाउलची गॅस्केट, ॲमलचा एक पायलट आणि एक मेन जेट
- एक्झॉस्टच्या दोन रिंगा, रॉकरच्या झाकणांची गॅस्केट
- बल्ब, फ्यूज, दोन मीटर वायर, इन्सुलेशन टेप, तांब्याची तार, केबल टाय
- अर्धा लिटर इंजिन ऑइल, चेनचं ऑइल, थ्रेड लॉक

इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर पिकअप प्लेटकडे जाणाऱ्या दोन वायरींचे सांधे निघण्यापूर्वी तपासा. त्या थरथरून सोल्डरच्या जागी आतून तुटतात, बाहेरचं आवरण मात्र शाबूत दिसतं.

मेट्रिक पाने चालतील?

नाही. कमांडोवर नट-बोल्टची व्हिटवर्थ मापाची डोकी आणि एएफ मापाची (दोन्ही इंची मापं), दोन्ही एकाच गाडीवर आहेत. गिअरबॉक्सवर एक, फ्रेमवर दुसरं. आपल्या गाडीवरच्या प्रत्येक नटाला घरी पाना लावून बघा आणि लागला तोच पाना पिशवीत टाका. दीड-दोन तासांचं काम आहे, पण त्यामुळे हत्यारांचं वजन निम्म्यावर येतं.

फेरीबोटीत बाईक कशी बांधायची?

डोव्हर-कॅले दीड तासाचा प्रवास, हारविच-हूक ऑफ हॉलंड आणि न्यूकॅसल-आयमाउडन या रात्रीच्या फेऱ्या, आणि पोर्ट्समथहून स्पेनच्या सांतांदेरला एका दिवसाहून जास्त. समुद्र नको असेल तर फोकस्टोनहून बोगद्याची रेल्वे ३५ मिनिटांत पलीकडे सोडते.

जहाजाचा डेक पोलादी, ओला आणि तेलकट असतो. चढताना पुढचा ब्रेक जपून लावा. बाईक साइड स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये ठेवा. सीटवरून पट्टा घेताना खाली जाड कापड घाला. पट्टा जहाजावरचे कर्मचारी आवळतात, पण जाण्याआधी आपण एकदा हलवून बघावं. पेट्रोलचा नळ बंद करणं सर्वांत महत्त्वाचं. जहाज हललं की ॲमलचा फ्लोट डुचमळतो, पेट्रोल ओघळतं आणि बंद डेकवर वास सुटतो. प्रवास सुरू झाल्यावर खाली डेकवर जाऊ देत नाहीत, तेव्हा पासपोर्ट आणि औषधं वर न्या.

कोणते कागद लागतात?

नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र (व्ही५सी), लायसन्स, विम्याचा दाखला आणि पासपोर्ट. छायाप्रत चालत नाही. सप्टेंबर २०२१ पासून जीबीऐवजी यूके अक्षरांचं स्टिकर लागतं. त्याच वर्षी ऑगस्टपासून युरोपीय संघात ग्रीन कार्डची (विमा परदेशातही लागू असल्याच्या दाखल्याची) गरज उरली नाही. ब्रिटिश विमा संघातल्या देशांत किमान थर्ड पार्टी लागू होतो. चोरी आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान हवं असेल तर विमा कंपनीला आधी कळवून वाढवून घ्या. ४० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला एमओटीची (वाहनाच्या वार्षिक तपासणीची) सक्ती नाही, तरी जाण्यापूर्वी करून घ्यावी. दुसऱ्या माणसाच्या नजरेला सैल स्पोक दिसतो.

ब्रिटनमध्ये राहतो, पण पासपोर्ट भारतीय आहे. काही वेगळं?

हो, आणि मराठी मंडळींची गाडी बहुधा इथेच अडते. ब्रिटनचा रहिवास परवाना असला तरी शेंगेन व्हिसा वेगळा घ्यावा लागतो. त्यासाठीच्या प्रवास विम्यात किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण हवं. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायला आठवडे जातात, म्हणून रॅलीची नोंदणी झाली की पहिलं काम व्हिसाचं. रॅलीच्या नोंदणीची पावती आणि फेरीबोटीचं तिकीट अर्जाला जोडा.

खाण्याचं म्हणाल तर चिवडा-चकली खुशाल न्या. दूध, चीज, पनीर आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमधून संघात नेता येत नाहीत, तेव्हा श्रीखंडाचा डबा घरीच राहू दे.

पलीकडे गेल्यावर कोणते नियम वेगळे?

वाहतूक उजवीकडून. त्यामुळे ओव्हरटेक करताना मागचं दिसायला आरसा डावीकडे हवा. जुन्या ब्रिटिश बाईकला कित्येकदा एकटा उजवाच असतो. हेडलाइटचा झोत डावीकडे झुकणारा असतो, तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो, काचेवर चिकटपट्टी लावून तो कापा. वेगमापक मैलांचा असतो: ५० किलोमीटर म्हणजे ३१ मैल, ८० म्हणजे ५०, १३० म्हणजे ८१. टाकीवर चिकटवून ठेवा.

फ्रान्समध्ये सीई प्रमाणित हातमोजे सक्तीचे आहेत आणि चमकणारं जॅकेट जवळ बाळगावं लागतं. बेल्जियममध्ये लांब बाह्यांचं जॅकेट, पूर्ण पँट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट हवेत. ऑस्ट्रियात प्रथमोपचार पेटी दुचाकीवरही लागते आणि मोटरवेसाठी विन्येट, म्हणजे टोल भरल्याचं स्टिकर. स्वित्झर्लंडचं विन्येट ४० फ्रँकचं, दोन दिवसांसाठी असो की वर्षासाठी. जर्मनीच्या पर्यावरण क्षेत्रांत दुचाकींना स्टिकर लागत नाही. फ्रान्समधल्या शहरांचे नियम बदलत आले आहेत, म्हणून मोठ्या शहरांना वळसा घालणं सोपं.

वाटेत आल्प्सचे घाट आहेत. काय सांभाळायचं?

उतार. चढावर इंजिन फार तर धापा टाकतं. उतारावर ड्रम ब्रेक तापून पकड सोडतो. ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा, ब्रेक सतत धरून ठेवू नका. स्टेल्व्हिओ २,७५७ मीटर उंच आहे आणि प्राडच्या बाजूने ४८ हेअरपिन वळणं आहेत. तिथे इतक्या वर हवा विरळ असल्याने मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण जास्त होतं, इंजिन खोकतं. तासाभराच्या घाटासाठी जेट बदलत बसू नका, चोक पूर्ण उघडा आहे ना एवढं पाहा. वर थांबल्यावर पुन्हा सुरू करताना कार्ब्युरेटर टिकल करू नका (बटण दाबून त्यात जादा पेट्रोल भरू नका), गरम इंजिन पेट्रोलने भिजतं.

बाईक मोटरवेवर बंद पडली तर?

फ्रान्सच्या टोलच्या मोटरवेवर आपल्या विम्याची गाडी येऊ शकत नाही. केशरी रंगाच्या फोनवरून तिथल्या अधिकृत गाडीला बोलवायचं, पैसे द्यायचे, पावती घ्यायची आणि विम्याकडून परत मिळवायचे. अपघात असेल तर सगळीकडे ११२.

युरोपातला ब्रेकडाउन विमा घेताना दोन कलमं वाचा. पहिलं, वाहनाच्या वयाची मर्यादा आहे का. दुसरं, बाईक घरी परत पोहोचवण्याचा खर्च तिच्या बाजारभावापेक्षा जास्त झाला तर ते हात वर करतात का. विम्यात ठरवलेली किंमत लिहून घेतली असेल तर दुसरा वाद होत नाही. क्लबच्या सदस्यांची देशवार यादी असेल तर ती कागदावर छापून न्या. फोन बंद पडलेला असताना ती लागते.

रोज संध्याकाळी काय बघायचं?

एक्झॉस्टचे नट गरम असताना. मग चेनला ऑइल आणि ताण: मधोमध पाऊण इंच ढिलाई, बाईकवर कुणी बसलेलं असताना बघितलेली. स्पोकवर पाना वाजवून आवाज ऐका, बद्द आवाज म्हणजे सैल. नंबर प्लेट, मडगार्डचे बोल्ट आणि सायलेन्सरच्या रबरी टेकणी हाताने हलवून पाहा. हे वीस मिनिटांत होतं. कॅम्पच्या गवतावर ऑइल सांडू नये म्हणून खाली पत्र्याचा ट्रे ठेवावा, बऱ्याच जागी आयोजक तसा आग्रहच धरतात.

पुण्यात किंवा मुंबईत नोंदवलेली जुनी बाईक युरोपला नेता येईल का?

येते, पण कागद जास्त. रस्त्याने जायचं असेल तर इराणसारख्या देशांसाठी ‘कार्ने द पासाज’ लागतं. बाईक तिथे विकली जाणार नाही याची ती हमी असते. भारतात ते मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते, मुदत एक वर्ष. हमीची रक्कम बाईकच्या किमतीवर आणि जाणाऱ्या देशांवर ठरते. प्रत्येक सीमेवर आत जाताना आणि बाहेर पडताना शिक्का घ्यायचा. बाहेर पडतानाचा एक शिक्का राहिला तरी हमीवर दावा येऊ शकतो, मागे घाईत उभा असलेला ट्रकवाला कितीही हॉर्न वाजवो.

भारतीय विमा युरोपात चालत नाही, भारत ग्रीन कार्ड व्यवस्थेत नाही. तिकडचा सीमा विमा वेगळा विकत घ्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय लायसन्स आरटीओकडून मिळतं, एक वर्षासाठी. मागे ‘आयएनडी’ अक्षरांचं लंबगोल चिन्ह लावा.

बाईक व्हिंटेज म्हणून नोंदवली आहे. अडचण येईल का?

२०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या वाहनांना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला नसते, प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरण्यापुरतीच रस्त्यावर आणायची. देशभर चालवत सीमेपर्यंत जाण्याचा बेत असेल तर नियमित नोंदणीचं नूतनीकरण चालू ठेवणं सोयीचं. १५ वर्षांनंतर ते दर पाच वर्षांनी करावं लागतं.

जहाजाने किंवा विमानाने पाठवताना खोकं कसं करायचं?

लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेलं आणि आयएसपीएम-१५ चा (लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का असलेलं घ्या, नाहीतर खोकं बंदरावर अडतं. टाकी रिकामी, बॅटरी सोडवून टोकं टेपने गुंडाळलेली. विमानाचं भाडं आकारमानावरही लागतं, म्हणून पुढचं चाक, मडगार्ड, हँडल आणि आरसे काढून खोकं लहान करा. फोर्क पट्ट्याने पूर्ण दाबू नका, आठवड्याभरात सील जातात. लाकडी ठोकळा घालून अर्ध्यावर थांबवा. काढलेल्या प्रत्येक बोल्टची पुडी करून तिच्यावर जागा लिहा, आणि त्या बोल्टांचे पाने खोक्यातच वर ठेवा. विमानाच्या हातबॅगेत ते नेऊ देत नाहीत.